एमडी भूलशास्त्रानंतर मेडिकल कॉलेज की सांगलीत खासगी प्रॅक्टिस?

प्रश्न थोडक्यात असा: एमडीचं शेवटचं वर्ष संपत आलंय. यजमानांचा दवाखाना विश्रामबागेत असल्यामुळे सांगली सोडायची नाही. पुढं सीनियर रेसिडेन्सी (एमडीनंतरची कॉलेजच्या रुग्णालयातली नेमणूक) करून कॉलेजात शिकवायला लागावं, की परीक्षा झाली की फ्रीलान्स केसेस घ्याव्यात? दोन्हीकडच्या कामात नेमका फरक काय, पैशाचं कसं, आणि रात्रीचे कॉल एकटीला झेपतील का?

मी नऊ वर्षं दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलं. गेली सोळा वर्षं सांगली, मिरज, तासगाव, विटा या पट्ट्यात खासगी केसेस करतो. दोन्ही कामं मनापासून केली, त्यामुळे एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला नावं ठेवणार नाही. तरी सगळ्यात मोठा फरक कुठला ते आधीच सांगतो, कारण बाकीचे बरेच फरक त्यातूनच निघतात. कॉलेजात हाक मारली की माणूस येतो. खासगीत हाक मारायला कुणी नसतं.

कॉलेजात श्वासनळीत ट्यूब जात नाहीये, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) उतरतंय, अशी वेळ आली की "सरांना बोलवा" एवढंच म्हणायचं. शेजारच्या ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) लेक्चरर येतात, मागोमाग दोन रेसिडेंट, एकाच्या हातात बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक कांडी), दुसऱ्याच्या हातात व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (ट्यूब घालताना घशात बघायचं दिव्याचं उपकरण, कॅमेऱ्यासह). तीन वर्षांत हे इतकं अंगवळणी पडतं की आपल्या पाठीशी एवढी माणसं उभी आहेत हे जाणवतही नाही. खासगीत ओटीत तुम्ही, सर्जन, एक सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय). सर्जनचे हात निर्जंतुक, सिस्टर त्यांच्या ट्रॉलीपाशी. तुमच्या वाट्याला मामा. ट्यूब घालताना क्रिकॉइडवर (गळ्यातल्या कूर्चेच्या कड्यावर) कुठं आणि किती दाबायचं हे तुम्ही त्याला आधी शिकवलं असेल, तरच ऐनवेळी त्याला जमेल.

खासगीत आल्यानंतरच्या चौथ्या-पाचव्या महिन्यातली एक रात्र सांगतो. तालुक्याच्या गावातलं छोटं प्रसूतिगृह, वेळ दोनची, बाळाचे ठोके उतरले म्हणून तातडीचं सिझेरियन. बाई ठेंगणी, पहिलटकरीण. नेहमीसारखं दोन मिली हेवी बुपिवाकेन (बधिर करणारं औषध) स्पायनलमध्ये, म्हणजे पाठीच्या कण्यात दिलं आणि तिला उताणं केलं. दोन मिनिटांत म्हणाली, "डॉक्टर, हाताला मुंग्या आल्यात." मग म्हणाली, "दम लागतोय." त्यापुढचं ओठांवरच राहिलं, आवाज आलाच नाही. भूल पोटापर्यंत न थांबता छाती-हातांपर्यंत वर चढली होती. नाडी अठ्ठेचाळीस, बीपी हाताला लागेना.

पोटाचा भार डावीकडे ढकलून धरायला मामाला सांगितलं. नाडी आणि बीपी वर आणायला ॲट्रोपिन, मेफेन्टरमाइन, सलाईन पूर्ण धारेनं. मास्कनं श्वास देत होतो आणि तिच्या कानाशी बोलत होतो, कारण अशा वेळी पेशंट शुद्धीत असतो आणि त्याला सगळं ऐकू येतं. दवाखान्याचा लॅरिंगोस्कोप उघडला तर दिवा लागेना. माझा स्वतःचा बॅगेत होता. झोपेसाठी थोडं केटामीन, स्नायू सैल पडायला स्कोलिन, ट्यूब गेली. गायनॅक मॅडमनी चार मिनिटांत बाळ बाहेर काढलं. बालरोगतज्ज्ञ वाटेत होते. सिस्टरनं बाळ पुसलं, पाठ चोळली आणि ते रडलं. ते नसतं रडलं, तर एका हातात आईची ॲम्बू (श्वास द्यायची हातपिशवी) आणि दुसऱ्या हातात बाळाची, अशी माझी गत होती. दीडेक तासानं आईचा श्वास भरून आला, ट्यूब काढली. सकाळी सातपर्यंत मी तिच्या कॉटजवळच्या स्टुलावरून उठलो नाही.

त्या रात्री औषधं मी तीच दिली जी कॉलेजात दिली असती. ज्ञान तेच, हात तेच. पण कॉलेजात हे काम चार-पाच जणांत वाटलं गेलं असतं आणि तो दिवा लागतो की नाही हे सकाळी कुणा ज्युनियर रेसिडेंटनं पाहिलं असतं. खासगीत तो ज्युनियर रेसिडेंट तुम्हीच. पेशंटकडे वळण्याआधी खोली सुरक्षित आहे की नाही ते तुम्ही स्वतः बघायचं. ते दुसऱ्या कुणाचं काम नाही.

म्हणून माझी बॅग. दोन लॅरिंगोस्कोप, सेल वेगळे बांधलेले. बूजी, तीन मापांचे एलएमए (ट्यूबऐवजी घशात बसवायचे मास्क), ॲम्बू, लहान मुलांचे मास्क, पोर्टेबल पल्स ऑक्सिमीटर, तातडीची औषधं. ब्लॉक (नसेजवळ औषध देऊन तेवढाच भाग बधिर करणं) करायचे असतील तर वीस टक्क्यांचं लिपिड इमल्शन दवाखान्यात आहे का ते आदल्या दिवशीच विचारतो. लोकल ॲनेस्थेटिक (बधिर करायचं औषध) रक्तात जाऊन हृदय थांबायला लागलं तर किलोमागे दीड मिलीनं ते लगेच द्यावं लागतं, मेडिकलमधून मागवेपर्यंत वेळ निघून जातो. स्कोलिन फ्रिजमध्येच हवं. एकदा एका ठिकाणी ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेलं पाहिलं. तेव्हापासून तेही थर्मासमध्ये माझ्याबरोबर.

ऑक्सिजनचं जरा सविस्तर सांगतो. कॉलेजात तो भिंतीतून येतो, त्यामुळे त्याचा विचार करायची सवयच लागत नाही. छोट्या दवाखान्यात जंबो सिलिंडर असतो, साधारण सात घनमीटरचा, म्हणजे सात हजार लिटर. मिनिटाला दहा लिटर सोडला तर साडेअकरा तासांच्या आसपास पुरतो. काटा अर्ध्यावर असेल तर ऑक्सिजनही अर्धा, हा हिशोब सरळ आहे. नायट्रस ऑक्साइडच्या सिलिंडरला मात्र हा हिशोब लावू नका. आत तो द्रवरूप असतो. द्रव संपेपर्यंत काटा जागचा हलत नाही आणि मग एकदम खाली येतो. दुसरा सिलिंडर भरलेला आहे असं कुणी सांगितलं तरी चावी लावून स्वतः उघडून बघा. मी आजही प्रत्येक ठिकाणी बघतो. सोळा वर्षांत दोनदा "भरलेला" सिलिंडर रिकामा निघाला. दोन्ही वेळा पेशंट अजून बाहेरच होता, म्हणून काही बिघडलं नाही.

आता सर्जनबद्दल. कॉलेजात सर्जन आणि तुम्ही, दोघंही पगारदार. केस पुढं ढकलली तर कुणाच्या खिशाला लागत नाही. फार तर युनिटचे सर चिडतात आणि संध्याकाळी चहाला एकत्र बसतात. खासगीत पेशंट सर्जनचा, दवाखाना बहुधा सर्जनचा, आणि तुमची फीसुद्धा सर्जनच्याच हातून येते. ज्याच्या फोनवर घर चालतं, त्यालाच "आज नको" म्हणायचं असतं. भूलशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात हा धडा नाही, आणि खासगीत सगळ्यात अवघड तोच आहे.

चार वर्षांचा मुलगा, हर्नियाची साधी केस. वडील साखर कारखान्यात, सुट्टी टाकून आलेले. आजी प्रसादाची पुडी घेऊन दारात उभी. मुलाला तीन दिवस खोकला, नाकातून पिवळा शेंबूड, छातीत घरघर. अशा मुलाला भूल दिली तर स्वरयंत्र आवळून बसण्याचा धोका बराच वाढतो. मी तीन आठवडे थांबायला सांगितलं. सर्जन म्हणाले, "एवढा खोकला प्रत्येक पोराला असतो." मी आजीपाशी जाऊन बसलो आणि खोकल्याच्या मुलाला भूल दिली की काय होऊ शकतं ते तिला तिच्या भाषेत सांगितलं. ती लगेच म्हणाली, "मग नगं, पोरगं बरं होऊ दे." त्या सर्जननी मला पुन्हा कधी बोलावलं नाही. त्यांच्याकडे आठवड्याला चार केसेस असायच्या, सगळ्या गेल्या. तो निर्णय मी आजही तसाच घेईन. पण तुम्हाला हे आधीच ठाऊक असावं: असे निर्णय खासगीत फुकट होत नाहीत, आणि पहिल्या दोन वर्षांत, कर्ज डोक्यावर असताना, ते फार जड जातात.

भूल कुठली द्यायची हेही तसंच. "डॉक्टर, जीए कशाला, स्पायनलच करून टाका ना" हे वाक्य तुम्हाला रोज ऐकू येईल (जीए म्हणजे पूर्ण भूल). सर्जनचं म्हणणं ऐकून जरूर घ्या, त्यांना ऑपरेशनची गरज आपल्यापेक्षा जास्त कळते. निर्णय मात्र तुमचा, कारण चार्टवर सही तुमची असते.

आदल्या दिवशीची तपासणी हा कॉलेजातला एक मोठा आधार. तिथं पीएसी (भुलीआधीच्या तपासणीची) ओपीडी असते, इको मागवता येतो, फिजिशियनचं मत एका कागदावर मिळतं. खासगीत पुष्कळ वेळा पेशंट पहिल्यांदा दिसतो तो टेबलावरच. मी त्यावर असा मार्ग काढलाय: ठरलेल्या केसचे रिपोर्ट आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मागवतो आणि पेशंटशी स्वतः फोनवर बोलतो. पाच मिनिटं लागतात. जिना चढताना दम लागतो का, आधीच्या भुलीच्या वेळी काय झालं होतं, दात हलतात का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल, हेही मीच सांगतो. आमच्याकडे लोक "उपाशी" म्हणजे भाकरी नाही असं धरतात. दुधाचा चहा त्यांच्या हिशोबात येत नाही, म्हणून चहाचं नाव घेऊन विचारायचं.

ऑपरेशन संपल्यानंतरचा तास खासगीत सगळ्यात दुर्लक्षित राहतो. कॉलेजात रिकव्हरी रूम असते, रेसिडेंट असतो. इथं पेशंट थेट खोलीत जातो, नातेवाईक भोवती जमतात, आणि तुमचा पुढच्या दवाखान्यातला सर्जन दोनदा फोन करून झालेला असतो. पेशंट डोकं उचलून पाच सेकंद धरतोय, नाव सांगतोय, ऑक्सिजन काढल्यावर सॅच्युरेशन टिकतंय, हे बघितल्याशिवाय मी गाडीला किल्ली लावत नाही. औषधंही जागा बघून बदलतात. कॉलेजात सिझेरियनला स्पायनलमध्ये मॉर्फिन घालायचो, वेदना सुंदर आटोक्यात राहायच्या. पण त्यानंतर बारा तास, चोवीस तासांपर्यंतही श्वास मंदावू शकतो, आणि रात्रभर श्वास मोजत बसणारी सिस्टर नसेल तिथं मी ते देत नाही.

कॉलेजचं पारडं कशानं जड होतं ते आता सांगतो. तिथं जे पेशंट येतात ते खासगीत तुम्हाला जवळजवळ दिसणारच नाहीत. द्राक्षाच्या पट्ट्यातून फवारणीचं औषध पोटात गेलेली माणसं येतात. अशा पेशंटला स्कोलिन दिलं तर त्याचा असर मिनिटांऐवजी तासांवर जातो, कारण ते औषध तोडणारं एन्झाइमच विषानं बंद पाडलेलं असतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. कळलं ते रात्रपाळीत, व्हेंटिलेटरपाशी उभा असताना. पावसाळ्यात मण्यार चावलेले येतात. पापण्या मिटलेल्या, पेशंट मेल्यासारखा दिसतो पण आतून पूर्ण शुद्धीत असतो. त्याला व्हेंटिलेटरवर दोन-तीन दिवस सांभाळलं की चालत घरी जातो. जळाल्यानंतर हनुवटी छातीला चिकटलेल्या बाया येतात, त्यांच्या श्वासमार्गानं भल्याभल्यांची परीक्षा घेतली आहे. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे. त्याला जोडलेल्या मिरज आणि सांगलीच्या रुग्णालयांत पश्चिम महाराष्ट्राबरोबर सीमेपलीकडचे कर्नाटकातले पेशंटही येतात. असा अनुभव खासगीत कितीही पैसे मोजून मिळत नाही.

शिकवण्यातलं समाधान वेगळंच. माझ्या हाताखालच्या एका मुलीला पहिले तीन महिने स्पायनल जमत नव्हतं, रडायची. आज ती एकटीनं नवजात बाळांच्या केसेस करते. कॉलेजातली नऊ वर्षं एवढ्या एका गोष्टीसाठीही सार्थकी लागली असं मला वाटतं. आणि शिकवणाऱ्याला वाचावं लागतं. खासगीत आल्यावर वाचन सुटणं फार सोपं असतं. अखिल भारतीय डिफिकल्ट एअरवे असोसिएशननं २०१६ मध्ये आपल्याकडच्या परिस्थितीला धरून मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या आल्याचं मला कळलं ते एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. कॉलेजात असतो तर मीच त्या शिकवल्या असत्या.

कॉलेजचे त्रासही खरे आहेत. बायोमेट्रिक हजेरी, शोधनिबंध, समित्या, तपासणीच्या वेळची धावपळ. मी होतो तिथं एक बिघडलेला मॉनिटर दुरुस्त व्हायला पत्रांवर पत्रं लिहूनही आठ महिने लागले. सरकारी नोकरीत कायम जागा मिळेपर्यंत तात्पुरत्या नेमणुकीवर काम करावं लागतं, बदली होऊ शकते, आणि व्यवसायरोध भत्ता घेतला की बाहेर प्रॅक्टिस करता येत नाही. सांगली सोडायचीच नसेल तर बदलीचा विचार आधी करा. खासगी किंवा अभिमत कॉलेजांचा पर्याय जवळच आहे: सांगलीत भारती विद्यापीठ, कराडला कृष्णा. तिथं बदली नाही, पण पगार आणि कामाचे तास नीट विचारून घ्या.

पैशाबद्दल. चांगला जम बसला तर खासगीत मिळकत जास्त, यात शंका नाही. पण ती येते कशी ते बघा. काही सर्जन त्याच दिवशी देतात, काही महिनाअखेरीस, काहींना आठवण करून द्यावी लागते. महात्मा फुले योजनेच्या केसेसमध्ये पॅकेज ठरलेलं, त्यातूनच तुमचा वाटा, आणि तोही बिल मंजूर झाल्यावर. तुम्ही आजारी पडलात, बाळंतपणाची रजा घेतलीत, की मिळकत थांबली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा पंचेचाळीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, निम्मं शहर पाण्यात. ठरलेल्या सगळ्या लिस्ट रद्द झाल्या, काही दवाखान्यांची तळमजल्यावरची यंत्रं वाया गेली. पुढच्याच वर्षी कोविड. नोकरीतल्या मित्रांचा पगार चालू होता, कामाचा आणि जिवाचा ताण मात्र आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून खासगीत उतरायच्या आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा, स्वतःचा आरोग्य विमा आणि व्यावसायिक दायित्वाचा विमा काढा.

दायित्वाचा विमा का, तर १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. जिथं सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालयं त्यातून वगळलेली आहेत. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ आणि गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, असं २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात म्हटलंय. त्याचा अर्थ कागदाकडे दुर्लक्ष चालतं असा घेऊ नका. भुलीची संमती वेगळी घ्या, मराठीत, पेशंटला समजावून. ऑपरेशनच्या संमतीत एक ओळ घुसवून भागत नाही. चार्ट त्याच वेळी लिहा, घड्याळ बघून, आणि निघताना स्वतःपुरता एक फोटो काढून ठेवा.

आता माझा सल्ला. परीक्षा झाली की थेट फ्रीलान्समध्ये उडी घेऊ नका. सीनियर रेसिडेन्सीचं एक वर्ष तरी करा, जमल्यास दोन. असिस्टंट प्रोफेसर व्हायला ते लागतंच, म्हणजे पुढं मन बदललं तरी दार उघडं राहतं. त्या वर्षात अवघड केस आली की रेसिडेंटला पुढं करून बाजूला उभ्या राहू नका. तुम्ही स्वतः करा, आणि शक्य तितकं कुणाला हाक न मारता करा, सर शेजारच्या ओटीत आहेत तोवरच. बायकांच्या आणि लहान मुलांच्या केसेस जास्तीत जास्त घ्या, कारण खासगीत पहिल्या वर्षी तुमच्याकडे सिझेरियन आणि टॉन्सिलच येणार आहेत. नंतर खासगीत यायचं ठरलं तर एकट्या येऊ नका. दोघी-तिघी भूलतज्ज्ञांनी मिळून काम वाटून घ्या. एखादीला दुसरीकडे अडकून पडावं लागलं तर बाकीची धावते, रजा मिळते, आणि एका सर्जनच्या नाराजीनं घर हलत नाही. मी हे दहाव्या वर्षी केलं. पहिल्या वर्षी करायला हवं होतं.

रात्रीच्या कॉलचं. झेपतं, आमच्या भागात कितीतरी भूलतज्ज्ञ मॅडम ते वर्षानुवर्षं करताहेत. पहिलं वर्ष शहराबाहेरचे रात्रीचे कॉल घेऊ नका, घेतलेच तर ओळखीचा चालक ठरवून ठेवा. रात्रभर जागून विट्याहून पन्नासेक किलोमीटर पहाटे स्वतः गाडी चालवत येणं ओटीतल्या कुठल्याही केसइतकंच धोक्याचं आहे. आणि फोन आला की "निघते" म्हणायच्या आधी तीन गोष्टी विचारा: रक्ताची सोय कुठून आणि किती वेळात होईल, बालरोगतज्ज्ञ येतायत का, आणि भरलेले सिलिंडर किती. उत्तरं ऐकून पटलं तर निघा. नाही पटलं तर पेशंटला सिव्हिलला किंवा मिरजेला हलवायला सांगा. पेशंट अँब्युलन्सनं येत असताना फोनवर तिकडच्या डॉक्टरांबरोबर राहा आणि इकडच्या कॅज्युअल्टीला आधी कळवून ठेवा, म्हणजे पेशंट पोचतो तेव्हा ओटी तयार असते.